पाचवा ‘का?’

अपघाताच्या अहवालात कारण म्हणून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून आणणाऱ्या सुपरवायझरला मी तो कागद तसाच परत करायचो. तो वैतागायचा. “साहेब, त्यानं हातमोजे घातलेच नव्हते, मग दुसरं काय लिहू?” मी म्हणायचो, का घातले नव्हते ते लिही. मोजे स्टोअरमध्ये शिल्लक होते का? असले तर त्याच्या मापाचे होते का? आणि मापाचे असले तरी ते घालून पाना धरता येत होता का? या प्रश्नांमुळे शॉप फ्लोअरवर माझं नाव फारशा प्रेमानं घेतलं जात नसे. पण फोर्जिंगच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून हयात घालवल्यावर एवढं कळलं होतं, की माणसाला दोष देऊन फाईल बंद केली की तोच अपघात पुन्हा होतो, फक्त माणूस वेगळा असतो.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा. म्हणजे आमची जमात मालकाच्या हौसेनं नाही, कायद्याच्या धाकानं जन्माला आलेली. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी आम्हाला हार-तुरे, बॅज, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. ५ मार्चपासून पुन्हा आम्ही उत्पादनाचे शत्रू. घोषवाक्यानं कुणाचं बोट वाचलेलं मी पाहिलं नाही. प्रेसला गार्ड बसवल्यानं वाचलेली बोटं मात्र पुष्कळ पाहिली.

हे सगळं सांगायचं कारण, निवृत्तीनंतर माझी ड्यूटी घरी लागली.

बायकोला पार्किन्सन्स आहे. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं अक्षर टपोरं. वरच्या वर्गांतले शिक्षकसुद्धा सूचनाफलक तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. ते अक्षर फळ्यावर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जायला लागलं. मागच्या बाकावरची पोरं ओरडायची, “बाई, दिसत नाही.” तिला वाटलं पोरं वात्रट झालीत. त्याच्याही आधीपासून फोडणी करपल्याचा वास तिला येत नव्हता, हे आम्हाला मागाहून, न्यूरॉलॉजिस्टनी विचारल्यावर जुळवता आलं. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तो थरथरीच्या नावानं. त्यामुळे आजही लोक येऊन आधी हिच्या हातांकडे बघतात. हात थरथरत नाहीत असं दिसलं की “बरीच बरी आहे की!” असं म्हणून चहा पितात. हिची थरथर पहिल्यापासून कमीच. हिचं दुखणं पायांत आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि उचलत नाहीत. मोकळ्या जागेत ती बरी चालते. दाराची चौकट आली, जागा अरुंद झाली, वळायचं झालं किंवा कुणी घाई केली, की पाय थिजतात. धड मात्र पुढे जात राहतं.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते कारखान्यात नव्या शेडचं करतात तसं पाहणीचं. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ३२ व्या कलमात जमिनी, पायऱ्या आणि जाण्यायेण्याच्या वाटा कशा असाव्यात ते दिलेलं होतं. त्या भक्कम असाव्यात, त्यांवर अडथळा नसावा, पाय घसरेल असं काही सांडलेलं नसावं आणि गरज असेल तिथे धरायला कठडा असावा. हे कलम घराला लागू नव्हतं, ही माझ्या मते कायद्यातली मोठी उणीव होती. न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा काढून टाकला, कारण तोल गेलेला माणूस आधी तोच धरतो आणि तो दोन बारक्या स्क्रूंवर लटकलेला असतो. तिथे अँकर फास्टनर ठोकून स्टीलच्या जाड नळीचे दांडे बसवले आणि स्वतःचं सगळं वजन टाकून ओढून पाहिले. सतरंज्या गेल्या, पायपुसणी गेली. रात्री पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत दिवे लागले. बुटांचं कपाट पॅसेजमधून हललं. तिची लाडकी तिवई गेली तेव्हा ती म्हणाली, “आता मलाही एक नंबर द्या आणि भिंतीवर लावा.”

तिवईपेक्षा मोठा तंटा साडीवरून झाला. निऱ्या पायात येतात, गाऊन घाल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, गाऊन घालून दारात आलेल्या माणसासमोर मी जाणार नाही. शेवटी सलवार-कुडत्यावर तह झाला. तोही सुनेच्या मध्यस्थीनं.

मी एक वहीही घातली होती. आमच्या धंद्यात ‘नीअर मिस’ला फार महत्त्व. अपघात होता होता राहिला, तरी त्याची नोंद करायची. १९३१ मध्ये विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिश नावाच्या अमेरिकन माणसानं गणित मांडलं, की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० काहीही इजा न झालेल्या घटना असतात. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त आहे. पण लहान अडखळण्याकडे बघितलं तर मोठ्या पडण्याची वाट दिसते, एवढा भाग मला अजून पटतो. म्हणून ती कुठे अडखळली, किती वाजता, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, पायात काय होतं, असं मी वहीत लिहायचो. एक दिवस वही तिच्या हाती लागली. तिनं ती पूर्ण वाचली, लाल पेन काढून माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि खाली, आताच्या तिच्या मुंगीएवढ्या अक्षरात, शेरा लिहिला: ‘विद्यार्थी कष्टाळू पण घाबरट.’

ती पडली गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी, दुपारी. न्हाणीघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, अंधारात नाही. घरातल्या सगळ्यांत कोरड्या, सपाट, उजेडाच्या जागी. बेल वाजली. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. ती उठली, दाराकडे वळली, आणि दाराआधीच्या चौकटीपाशी पाय थिजले. सावरायला हात पुढे करावा लागतो, तो वेग या आजारात उरत नाही. ती उभीच्या उभी कुशीवर आपटली. तो आवाज मी लिहून दाखवणार नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे.

बेल वाजवणारा कुरिअरचा पोरगा, समोरच्या वहिनी, वरच्या मजल्यावरचे जोशीकाका असे सगळे क्षणात गोळा झाले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, “उचला, आधी उचला, पलंगावर घ्या.” मी कुणाला हात लावू दिला नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं. म्हातारपणी पडल्यावर असं दिसलं की खुब्याचं हाड मोडलंय असंच धरून चालायचं. उभं करायचं नाही, पाय सरळ करून बघायचा नाही, चोळायचं नाही. डोक्याला लागलंय का, बोलते का, दोन्ही हात हलवते का, हे पाहिलं. दोन्ही बाजूंनी उशा लावून पाय होता तसा टेकवला. १०८ ला फोन केला. तिनं पाणी मागितलं, तर ओठ फक्त ओले केले, कारण ऑपरेशन लागणार हे दिसत होतं. बायकोला फरशीवर पडलेली ठेवून हा माणूस वर उभा राहून हुकूम सोडतोय, असं वहिनींना वाटलं असणार. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अपघातानंतरची पहिली काही मिनिटं जमलेल्या माणसांच्या मायेपासून जखमीला वाचवण्यात जातात, हा माझा जुना अनुभव. प्रेसखाली सापडलेल्या पोराला त्याचेच मित्र खेचून काढायला धावतात आणि जास्त इजा करतात.

ती मात्र शुद्धीवर, कळवळत, पण खणखणीत म्हणाली, “अहो, दारात कोण होतं ते बघा आधी. गौरीचं सामान आलं असेल.”

गौरीचंच होतं.

दवाखान्याचं नाव घेत नाही. हाडांचे डॉक्टर उत्तम होते. मांडीच्या हाडाचा मानेपाशी तुकडा पडला की वरच्या गोळ्याला जाणारं रक्त तुटतं. उतारवयात आणि हाड असं सरकलेलं असताना ते जोडून भागत नाही, गोळाच बदलावा लागतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं, अंथरुणात जितकं जास्त पडून राहावं तितका छातीत कफ, पायात गुठळी, पाठीला फोड यांचा धोका वाढतो, हेही सांगितलं. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं आणि ठीक झालं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते गोळीबद्दल. कारण खुब्यापेक्षा जास्त भीती मला तिची वाटली.

पार्किन्सन्सच्या माणसाचं घर लेव्होडोपाच्या गोळीवर चालतं. गोळी लागू झाली की माणूस उठतो, जेवतो, बोलतो. अंमल उतरला की कुशीवरसुद्धा वळता येत नाही. हिच्या वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. जेवणातल्या प्रथिनांनी गोळीचा असर कमी होतो, म्हणून वरण, दही, अंडं यांच्या आधी बराच वेळ ती पोटात जायला हवी. अर्धा तास इकडचा तिकडे झाला तरी आमच्याकडे कळतं. आणि वॉर्डात गोळ्यांची ट्रॉली फिरते ती नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण या हिशेबानं. त्यात ऑपरेशनसाठी ‘तोंडानं काही द्यायचं नाही’ अशी पाटी पलंगाला लागली. पाटी लावणारी सिस्टर तिच्या जागी बरोबर होती. पण ही गोळी अचानक बंद झाली तर अंग लाकडासारखं होतं, गिळता येत नाही, ताप चढतो, माणूस भ्रमतो. जिवावरही बेतू शकतं. बधिरीकरणाच्या डॉक्टरांना मी गाठलं. त्यांनी लगेच लिहून दिलं, की घोटभर पाण्याबरोबर ही एवढी गोळी वेळेवर द्यायची. दोन मिनिटांचं काम होतं. पण कुणीतरी विचारल्याशिवाय ते झालं नसतं.

दुसरी गोष्ट याहून बारीक. ऑपरेशननंतर तिला उलट्या व्हायला लागल्या. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी नेहमीचं उलटीचं इंजेक्शन लिहिलं, मेटोक्लोप्रमाईड. पार्किन्सन्समध्ये मेंदूत ज्या डोपामिनची तूट असते, त्याचाच रस्ता हे औषध अडवतं. म्हणजे उलटी थांबेल आणि माणूस जखडेल. भ्रम झालेल्या, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलही तसंच. हे मला माझ्या हुशारीनं माहीत नव्हतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे अशा गोष्टी कानावर पडतात. कारखान्यात धोकादायक रसायनाच्या पिंपावर चिठ्ठी लावतात तशी मी जाड पुठ्ठ्यावर लाल शाईनं एक चिठ्ठी करून तिच्या फाईलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली होती: आजार कोणता, गोळीच्या वेळा, आणि कोणती औषधं न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. सिस्टरनं इंजेक्शन भरण्याआधी ती वाचली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी औषध बदललं, वर मला “थँक यू, काका” म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. रात्री तीन वाजता एवढ्या पेशंटांमागे धावणाऱ्या पोराच्या लक्षात सगळं राहील यावर सुरक्षा अवलंबून ठेवायची नसते, म्हणून तर चिठ्ठी.

भ्रम तिलाही झालाच. दोन रात्री ती वॉर्डातल्या मांजरीला दूध द्या म्हणून माझ्या मागे लागली होती. मांजर नव्हती. पहिल्या रात्री मी तिला नाही नाही म्हणून समजावत बसलो. शेजारच्या पलंगावरच्या आजींची मुलगी म्हणाली, “काका, देतो म्हणा की.” देतो म्हटलं. ती झोपली. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असं होतं आणि बहुतेकांचं उतरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ज्या बाईनं चाळीस-चाळीस पोरांची हजेरी पाठ म्हटली, तिला आपल्या नवऱ्याचं नाव आठवेना, तेव्हा सांगितलेलं सगळं विसरायला होतं. घरी आल्यावर ते उतरलं. मांजर मात्र आमच्याकडे विनोदाचा विषय म्हणून कायमची राहिली.

आता भेटायला येणाऱ्यांचं. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, “तुम्ही कुठे होतात तेव्हा?” विचारण्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण तो प्रश्न तोच, जो मी आयुष्यभर सुपरवायझरांच्या कागदावरून खोडत आलो. मी सांगायचो, बाल्कनीत होतो, कपडे वाळत घालत होतो. काही जण मान हलवायचे, म्हणजे कपडे वाळत घालणं हाच गुन्हा. आमच्या मुलीनं बंगळूरहून फोनवर विचारलं, “बाबा, तुम्ही जेवताय ना वेळेवर?” तेवढाच एक फोन मला बरा वाटला.

चौकशी मात्र मी केली. सवय. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली एक पद्धत आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे वरवरच्या कारणावर थांबायला होत नाही. ती वॉकर धरून पॅसेजमध्ये चार पावलं टाकायला लागली होती तेव्हाची गोष्ट. वही उघडली आणि लिहिलं.

ती का पडली? चौकटीपाशी पाय थिजले. का थिजले? झटक्यात उठून वळली, शिवाय २ ची गोळी जवळ आलेली म्हणजे १० ची उतरत आलेली. का झटक्यात उठली? बेल दोनदा वाजली. दोनदा का वाजली? पहिल्या बेलनंतर आतल्या माणसाला वेळ लागणार आहे हे बाहेरच्याला कळायचा काही मार्ग नव्हता. इथपर्यंत सरळ होतं. प्रत्येक उत्तरापुढे काहीतरी करण्यासारखं होतं. मग पाचवा. मी घरात असताना ती उठलीच का?

तिलाच विचारलं. ती म्हणाली, “माझ्या घराची बेल वाजली म्हणून.”

या उत्तरापुढे उपाय लिहायचा रकाना मी रिकामा सोडला आहे. कारखान्यात असं उत्तर कधी आलं नव्हतं. तिथे धोका मुळातूनच काढून टाकणं हा सगळ्यांत वरचा उपाय. ते जमत नसेल तर बदला, नाहीतर गार्ड बसवा, नाहीतर नियम करा, आणि अगदीच काही नाही तर हेल्मेट द्या. मुळातून काढायचं म्हणजे इथे काय करायचं? तिनं उठायचंच नाही. तसं करणारी घरं मी पाहिली आहेत. माणूस पडू नये म्हणून त्याला खुर्चीला पट्ट्यानं बांधतात किंवा पलंगाला कठडे लावून दिवसभर आडवं ठेवतात. मग तो पडत नाही. पाय मात्र महिन्या-दोन महिन्यांत जातात, कारण या आजारात चालणं हेच औषधाइतकं लागतं. आणि कठड्यावरून उतरायचा प्रयत्न करताना जो पडतो, तो जास्त उंचावरून पडतो. ‘शून्य अपघात’ हा फलक आमच्या गेटवर होता आणि मी तो मनापासून मानत होतो. घरात मी तो उतरवला. ती पुन्हा पडू शकते, हे आम्ही दोघं समोरासमोर बसून बोललो. कुठला धोका घ्यायचा हे तिनं ठरवायचं आणि तो कमीत कमी लागेल असं मी बघायचं, अशी वाटणी झाली. अंघोळीला एकटी जाणार नाही, हे तिनं कबूल केलं. दार उघडायचं सोडणार नाही, हे मी.

मग बाहेरच्या माणसावर उपाय केला. दारावर पाटी लावली: ‘दार उघडायला वेळ लागतो. बेल एकदाच वाजवून थांबावे.’ मसुदा तिचा. माझ्या मसुद्यात ‘कृपया’ दोनदा होतं आणि ‘आजारी’ एकदा, ते दोन्ही तिनं काढलं. गोळी उतरायच्या अर्ध्या तासात तिच्याजवळून हलायचं नाही, हा नियम मला. आणि चौकटीच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, एका पावलाच्या अंतरानं. कारखान्यात गँगवे आखायला वापरतात तीच पट्टी. पाय थिजले की समोर रेघ दिसली आणि ती ओलांडायची असं ठरवलं, तर तो उचलतो. हे न्यूरॉलॉजीत पूर्वीपासून माहीत आहे. मला ते फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, आयुष्यभर हेच तर चिकटवत आलो. कडेनं चिकटपट्टी उचलली की ती लगेच बदलायची, नाहीतर तिच्यातच पाय अडकतो. हिला रेघांचा उपयोग होतो. सगळ्यांना होतोच असं नाही.

आता माझ्या बाजूचं थोडं. ते लोक लिहीत नाहीत, कारण ते कुरकुरीसारखं दिसतं.

कायद्यानं कामगाराचे तास आठवड्याला ४८ धरले होते आणि दिवसाला ९. त्याहून जास्त राबलेला माणूस चुकतो, म्हणून ती मर्यादा. भट्टीवरचा माणूस दुसऱ्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही, पण दुसऱ्या पाळीचा माणूस येतो. घरात तो येत नाही. ती हॉस्पिटलमधून आल्यावर रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, संडासला उठवायचं, ६ ला गोळी. दिवसा व्यायाम, स्वयंपाकाच्या मावशींना सांगणं, बिलं, फोन. तिला पलंगावरून उठवताना माझी कंबर धरली तेव्हा मी स्वतःच्या कामाचा तक्ता मांडला. कुठल्याही इन्स्पेक्टरनं तो बघून कारखान्याला नोटीस दिली असती. झोप न झालेला माणूस गोळ्या मोजतोय, हा त्या घरातला सगळ्यांत मोठा धोका होता, ओल्या फरशीपेक्षा मोठा.

मग माणसं मागितली. मागावी लागतात. “काही लागलं तर सांगा” म्हणणाऱ्यांना मी सांगायला लागलो. समोरच्या वहिनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येऊन बसतात, तेव्हा मी झोपतो. जोशीकाका तिच्याशी शब्दकोडं सोडवतात आणि दर वेळी हरतात. ब्युरोतून रात्रीसाठी बाई ठेवली. पैसे जातात, खूप जातात, आणि पेन्शनमध्ये ते बसवणं सोपं नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन बायका टिकल्या नाहीत. तिसरी टिकली, कारण तिला हिनं लिहायला-वाचायला शिकवायला घेतलं. रात्री झोप येईना की दोघी बाराखडी काढत बसतात. हिचं अक्षर बारीक, तिचं मोठं. मधल्या मापाचं कुणाचंच नाही.

फिजिओथेरपिस्टनं मला उठवायची रीत शिकवली. खांद्याखाली हात घालून ओढायचं नाही, त्यानं तिचा खांदा आणि माझी पाठ दोन्ही जातात. आधी तिनं खुर्चीच्या कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, ‘नाक पायाच्या बोटांवर’ येईल इतकं पुढे वाकायचं आणि मग उठायचं. मी कमरेचा रुंद पट्टा धरून फक्त दिशा द्यायची. खुब्याचा गोळा नवा, म्हणून फार वाकायचं नाही, हे सांभाळून. त्यासाठी खुर्ची उंच केली. मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, पाटावर बसणं बंद. गौरीपुढे ती यंदा खुर्चीवर बसूनच पूजा सांगत होती, आणि माझ्या हातून फुलं उलटी वाहिली जात होती ते सगळ्यांना दाखवून देत होती.

धास्ती गेलेली नाही. बेल वाजली की माझ्या पोटात अजून गोळा येतो. तिच्याही येत असणार, ती सांगत नाही. एकदा पडलेला माणूस पडण्याच्या भीतीनं चालणं कमी करतो आणि चालणं कमी झाल्यानं पुन्हा पडतो. म्हणून भीती वाटतेय हे खरं धरूनच रोज ठरलेली चालायची वेळ पाळतो. वही चालू आहे. आता ती नोंद स्वतः सांगते, मी लिहितो.

अशा घरात भेटायला जाणार असाल तर ‘तुम्ही कुठे होतात’ हे विचारू नका. कोणत्या दुपारी येऊन बसू, ते विचारा. आणि तुमच्याच घरात असं कुणी दुखणाईत असेल, तर आज उठून न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये ते आत उघडतं. आत माणूस पडला की त्याच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरच्याला काही करता येत नाही. सुताराला बोलवा, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करून घ्या आणि आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. एका सकाळचं काम आहे. दसऱ्या-दिवाळीनंतर करू म्हणून ठेवू नका.